दुसऱ्या ट्रम्पेटचे आठ बार

आमचा बँड दर रविवारी दुपारी लाँड्रीत जमतो. त्या दिवशी दुकानाला सुट्टी असते. धुलाईची यंत्रं गप्प असतात, पण आठवडाभराची वाफ भिंतींत मुरलेली असते, त्यामुळे स्वरांचे कागद अर्ध्या तासात मऊ पडतात. डोक्यावर लोकांचे कोट आणि पडदे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेले असतात. आपण बिनडोक्याच्या श्रोत्यांसमोर वाजवतोय असं मला पहिले काही महिने वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे थोडा धीरही यायचा.

बँड लाँड्रीवाल्या बाईंचा. माणसाहून उंच असा उभा बास त्या मिठी मारल्यासारखा धरतात आणि बोटांनी वाजवतात. ड्रम वाजवणारी मुलगी एरवी शहरात बस चालवते. तिला सगळे ड्रायव्हरताई म्हणतात. क्लॅरिनेट दातांच्या डॉक्टरांकडे. पहिला ट्रम्पेट लिफ्टवाल्याकडे, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या, चाळिशीतल्या एका हसतमुख माणसाकडे. आणि दुसरा ट्रम्पेट माझ्याकडे. माझं वय अडुसष्ट. चौतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. निवृत्तीनंतर ट्रम्पेट हातात घेतला तो पुस्तकं वाचून. मला या बँडमध्ये का घेतलं हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

दुसऱ्या ट्रम्पेटचं काम पहिल्याच्या मागोमाग, एक पायरी खालून चालण्याचं. एकदा मी अख्खं गाणं ट्रम्पेट नुसता ओठांना लावून बसलो, फुंकर मारलीच नाही. बघावं तरी काय होतं. काहीच झालं नाही. गाणं संपल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आज छान बसलं, नाही?"

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी ट्रम्पेट घरीच ठेवून जा. ओझं तरी वाचेल." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता चहा टाकला.

त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. आम्ही एक मध्यम चालीचं गाणं बसवत होतो. त्यात लिफ्टवाल्याची एक लांबलचक उंच जागा आहे, ती वाजवून झाली की त्याचे ओठ सुजल्यासारखे होतात, आणि पुढे शेवटाला पुन्हा त्यालाच उंच चढायचं असतं. मध्ये त्याला आठ बार विसावा हवा. चार ठोक्यांचा एक बार, असे आठ. सगळे मिळून जेमतेम बारा सेकंद. आधी ते बार पियानोवाला वाजवायचा, तो गाव सोडून गेला. तेव्हापासून तिथे नुसता बास आणि ड्रम चालू असायचा, आणि गाणं त्या जागी दात पडल्यासारखं दिसायचं.

"काका, ते आठ बार तुम्ही घ्या," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त पडदे होते.

कागद समोर ठेवला गेला. कागद वाचणं हा माझा धंदाच होता, त्यामुळे डोळे आपोआप कामाला लागले. मी वाजवलं. एकही सूर चुकला नाही, एकही ठोका सुटला नाही.

"चूक एकही नाही," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. ज्या सुरात म्हणाल्या त्यात कौतुक नव्हतं.

"सगळं बरोबर आहे हो," ड्रायव्हरताई म्हणाली, "पण काका, बसमध्ये 'पुढील थांबा अमुक अमुक' म्हणणारी ती बाई असते ना, तसं वाटतंय."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

"हे जॅझ आहे, काका. हे झुललं पाहिजे," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे देते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ऐकते. झुललं तर तुमचं. नाहीतर डॉक्टर वाजवतील. त्यानंतरच्या शनिवारी वाचनालयाच्या अंगणात कार्यक्रम आहे, तिथे मला धाकधूक नको."

डॉक्टर भले गृहस्थ आहेत. ते लगेच म्हणाले, "काकांना उगाच ताण कशाला? मी आत्ताच घेतो की."

"नको," मी म्हणालो. "मला हवेत ते."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. वर टांगलेल्या कोटांनीही ऐकला असेल. मी मान खाली घालून, काही बिघडलं नसताना, ट्रम्पेटच्या कळा पुसत बसलो. आयुष्यात कुठली गोष्ट मी अशी मागितली होती ते आठवून पाहिलं. लग्नाचंसुद्धा बायकोनेच विचारलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टवाल्याने मला त्याच्या कामावर बोलावलं. बारा मजल्यांच्या एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली असते, तिथे. शेवटचा जिना चढेपर्यंत माझा श्वास निम्मा संपला होता. आत तेलाचा वास, एक मोठं चाक, त्यावरून खाली काळोखात गेलेले दोर. त्याने हात पुसले, डबा बाजूला सारला आणि म्हणाला, "एकच सूर वाजवा. चार वेळा."

मी वाजवला. तो माझ्या गालाजवळ कान आणून ऐकत होता.

"जीभ कुठे लावता?"

"टाळूला. पुस्तकात लिहिलंय, 'टू' म्हटल्यासारखी लावा."

"आता नुसतं तोंडाने 'त' म्हणा. त, त, त. कुठे लागली?"

"दातांच्या मागे."

"तिथेच हवी. इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्यांचा 'ट' पुढे असतो काका, आपला मागे. चार वर्षं तुमची जीभ रोज लांबच्या रस्त्याने कामावर जातेय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासली आणि स्वतःच्या तोंडातलं एक अक्षर तपासलं नाही. पण तो तेवढ्यावर थांबला नाही, हे बरं झालं. "आता 'त'सुद्धा नको," तो म्हणाला. "'द' करा. मऊ. लोण्यातून सुरी फिरवल्यासारखी."

मग त्याने झुलण्याची रीत सांगितली. कागदावर एका ठोक्यात दोन सूर असतात, दोन्ही सारखे दिसतात. वाजवताना पहिला जरा लांबवायचा, दुसरा आखडायचा. जीभ लागते ती दुसऱ्या, आखूड सुराला, आणि तिथून न तोडता पुढच्या ठोक्यावर घसरायचं. त्याने मांडीवर थाप देत तोंडाने करून दाखवलं: द-दाऽ, द-दाऽ, द-दाऽ. त्याच्या तोंडून ते चालत्या माणसासारखं वाटत होतं. माझ्या तोंडून पाढा.

"आणि हे बघा," त्याने माझ्या कागदावर पेन्सिलने काही सुरांभोवती कंस काढले. "हे गिळायचे. बोट पडतं, हवा जाते, पण आवाज जवळजवळ नाहीच."

"गिळायचे म्हणजे? लिहिलेत तर वाजवायला नकोत?"

"सगळे सूर सारख्या मानाचे नसतात काका."

"कागदावर तर सारखेच आहेत."

त्याने दोरांकडे बोट दाखवलं. खालून कुणीतरी बटण दाबलं होतं, चाक फिरायला लागलं. "ही बघा, पहिल्यावरून नवव्यावर चाललीय. मधले मजले आहेत की नाहीत? आहेत. पण ती तिथे थांबत नाही. तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबून दार उघडताय. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, तरी आपलं दार उघडताय."

ही गोष्ट मला पटली. पण पटणं आणि जमणं यात माझं अख्खं आयुष्य गेलेलं आहे.

आठवडाभर मी घरी कपड्यांच्या कपाटात ट्रम्पेटचं तोंड खुपसून सराव केला. कपड्यांत आवाज मुरतो आणि शेजारी दार वाजवत नाहीत. जीभ दातांमागे आणायला तीन दिवस लागले. चार वर्षांची सवय ती, पुन्हा पुन्हा टाळूकडे पळायची. मग झुलण्याकडे वळलो. लांब सूर नेमका किती लांब? मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. एकात लिहिलं होतं, ठोक्याचे तीन भाग करा, दोन भाग पहिल्या सुराला, एक दुसऱ्याला. मला हायसं वाटलं. दोनास एक. मोजता येणारी गोष्ट होती ती. मी ठोका धरून देणारं टिकटिक यंत्र लावलं, एका ठोक्यात तीन टिक ठेवल्या आणि रोज साठ वेळा ते आठ बार मोजून वाजवले. कागदावर लांब सुरांना निळी खूण, आखूड सुरांना हिरवी, जिभेला लाल. शनिवारपर्यंत कागद रंगपेटी सांडल्यासारखा झाला होता.

रविवारी लाँड्रीवाल्या बाईंनी सहज म्हणून ऐकायला मागितलं. मी वाजवलं. दोनास एक, बिनचूक.

बाईंनी बासवरचा हात उचलला. "मागच्या रविवारी निदान सरळ चालत होतं," त्या म्हणाल्या. "आता लंगडतंय."

"एका पायात चप्पल घातल्यासारखं," ड्रायव्हरताई म्हणाली, आणि मग माझा चेहरा पाहून जीभ चावली. "सॉरी काका."

कंसातले सूर तर निघालेच नव्हते. गिळायला गेलो की ते पार नाहीसे होत, आणि त्या जागी एक खड्डा पडे.

बाहेर पडताना डॉक्टरांनी मला फुटपाथवर गाठलं. माझ्या दोन दाढा त्यांनी अजिबात दुखू न देता भरल्या आहेत. तितक्याच हलक्या हाताने ते बोलत होते. "काका, खरं सांगू? हे तुम्हाला येईल. सहा महिन्यांत नक्की येईल. पण सहा दिवसांत नाही. मी बाईंशी बोलू का? तुमचा मान राहील असं बोलेन."

'हो' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. दातांच्या अगदी मागे. मी इतका थकलो होतो की तो बाहेर पडला असता तर मला बरंच वाटलं असतं. पण मला ते ओठांना ट्रम्पेट लावून गप्प बसलेलं गाणं आठवलं, आणि डॉक्टरांचं 'छान बसलं'. पुन्हा कधी आठ बार माझ्याकडे येणार नव्हते. सहा महिन्यांनी मी जे शिकेन ते त्या कपाटातल्या स्वेटरांना ऐकवीन.

"सहा दिवस आहेत ना अजून?" मी म्हणालो.

"आहेत."

"मग सहा दिवसांनी बोलू." आणि मी बस न पकडता पायी घरी आलो, कारण थांब्यावर उभा राहिलो असतो तर परत जाऊन माफी मागितली असती.

संध्याकाळी पुन्हा कपाट उघडलं. चौथ्या वेळेला बायको दारात येऊन उभी राहिली. हातात चष्मा होता.

"तुम्ही कॉपी वाचताय," ती म्हणाली.

"काय?"

"आठवडाभर ऐकतेय. मला वाटत होतं, हे कुठेतरी ऐकलंय. आज कळलं. तुम्ही कॉपी वाचताय."

हे समजायला आमचं काम सांगायला हवं. बायको माझी छापखान्यातलीही जोडीदार. सव्वीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. लेखकाचा मूळ मजकूर, म्हणजे कॉपी, मी मोठ्याने वाचायचो, ती समोर छापलेला कच्चा कागद घेऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. या वाचनाला एक शिस्त होती. आवाजात चढउतार नको. चढउतार आला की ऐकणाऱ्याचं मन अर्थाकडे जातं आणि चूक डोळ्यांखालून निसटते. म्हणून प्रत्येक अक्षर सारख्या वजनाचं, सारख्या अंतरावर, विरामचिन्हांसकट. 'राजा स्वल्पविराम राणी आणि प्रधान बागेत गेले पूर्णविराम नवा परिच्छेद.' प्रेमाची कादंबरी असो की पंपाची माहितीपुस्तिका, वाचायची एकच तऱ्हा. यात मी छापखान्यात एक नंबर होतो. नवीन माणसांना माझं वाचन ऐकायला बसवत.

मी पलंगावर बसलो. जे माझ्या हाडात भिनलं होतं ते सहा दिवसांत कसं काढायचं?

"मग झालंच म्हणायचं," मी म्हणालो.

"काय झालं? नीट ऐका तर. तुम्ही नेहमीच तसं वाचत होता का? शेवटच्या तासाला काय करायचात? मशिनवाला दारात उभा, 'झालं का, झालं का' म्हणून डोकं खातोय. तेव्हा कसे वाचायचात?"

"भराभर."

"नुसतं भराभर नाही. 'आणि', 'होता', 'असे', सगळं खाऊन टाकायचात."

"मी कधी शब्द खाल्ला नाही!"

"खात होतात. बकाबका खात होतात. पण त्या तासात माझी एक तरी चूक राहिली का?"

मी आठवून पाहिलं. नव्हती राहिली.

"का नाही राहिली? कारण खाल्लेल्या शब्दाची जागा तुम्ही सोडत होतात. ओठ हलायचे, श्वास जायचा. मला कळायचं, इथे एक आहे. तो लिफ्टवाला दुसरं काय सांगतोय?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि टेबल रिकामं करून लाल पेन्सिलीला टोक काढत बसली. "कागद आणा," ती म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. पण ठिपके मोजता येतात."

माझा रंगीबेरंगी कागद तिने पाहिला आणि बाजूला सारला. मी नवा, कोरा लिहून काढला. एका ओळीत दोन बार, अशा चार ओळी. ठिपके एकेचाळीस, त्यातले अकरा कंसात. बोट ठेवून ओळ कशी धरायची ते मी तिला दाखवलं. ते तिला दहा मिनिटांत आलं, जे मला चार महिने लागले होते.

"आधी तोंडाने वाचा," ती म्हणाली.

अडुसष्टाव्या वर्षी बायकोसमोर बसून 'द-दाऽ द-दाऽ' करायचं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिली ओळ तिने गंभीरपणे ऐकली. दुसरीला तिचे खांदे हलायला लागले. तिसरीला तिने पेन्सिल खाली ठेवून डोळे पुसले.

"शेजाऱ्यांना वाटेल, नातवंड आलंय."

"मी थांबतो."

"थांबता कसले? हं, पुन्हा. पहिल्यापासून."

तिने एक पद्धत लावली. मी वाजवायचं, तिने बोट ठिपक्यांवरून न्यायचं, आणि कंस आला की म्हणायचं, 'आहे' किंवा 'गेला'. बस्स. चांगलं नाही, वाईट नाही. सोमवारी मी ट्रम्पेटमध्ये रुमाल कोंबून वाजवत होतो आणि ती समोर बसून म्हणत होती: गेला. गेला. गेला. आहे, पण जास्तच आहे. गेला. मला ऑफिसात इतकी बोलणी कधी खावी लागली नव्हती.

मंगळवारी ओठ आतून सोलवटला. तिने त्यावर तूप लावायला दिलं आणि विचारलं, "आज बंद ठेवायचं?" मी नाही म्हणालो. तिने बोट पुन्हा पहिल्या ठिपक्यावर ठेवलं. तिला घरची कामं होती, तिच्या गुडघ्याला लाकडी खुर्ची सोसत नव्हती, तरी ती उठली नाही, आणि समोरचा माणूस बसून आहे म्हटल्यावर मलाही उठता येईना. आमच्या धंद्यात तसंच असायचं. एकाने दुसऱ्याला बांधून ठेवायचं.

बुधवारी मला एक गोष्ट उमजली. गिळायचा सूर आला की मी हवाच बंद करत होतो. जणू चोर आल्यावर दिवा मालवावा. मी ठरवलं, हवा थांबवायचीच नाही. पहिल्या सुरापासून ओळीच्या शेवटापर्यंत एकच लांब श्वास वाहू द्यायचा, आणि जिभेने त्या श्वासाला फक्त शिवायचं. कंसाच्या जागी जीभ दातांमागे जराशी टेकलेलीच ठेवायची. टेबलापलीकडून ती म्हणाली: आहे. पुढच्यालाही: आहे. मी इतका चकित झालो की तिसरी ओळ विसरलो.

टिकटिक यंत्र तिने गुरुवारी बंद केलं. "त्याच्यामुळे मला ऐकू येत नाही," म्हणाली. मला भीती वाटली, दोनास एक सुटेल. सुटलंच. पण लंगडणंही गेलं. अकरा सूर आपापल्या जागी दबून बसायला लागले, तेव्हा बाकीच्यांना किती लांब व्हायचं ते मला सांगावं लागेना. कुठे दोनास एक असेल, कुठे दीडास एक. मी मोजलं नाही. न मोजता काही करण्याची मला सवय नाही, त्यामुळे हे आपण फसवून करतोय की काय अशी शंका येत राहिली. अजूनही येते.

गुरुवारी आठ 'आहे'. शुक्रवारी नऊ. शनिवारी सकाळी दहा, दुपारी सात. संध्याकाळी तिचं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलं आणि ती म्हणाली, "अकराही आहेत. पण तिसऱ्या ओळीत एक सूर साफ चुकला."

"तुला सूर कळतात?"

"छे. तुमचा चेहरा कळतो."

रविवारी ती यायला तयार होईना. "मी आले तर तुम्ही माझ्याकडे बघत बसाल," म्हणाली. ते खरं होतं.

लाँड्रीत गेलो तेव्हा डॉक्टरांच्या स्टँडवर माझ्या आठ बारांची एक प्रत आधीच लावलेली होती. त्यांनी ती हाताने झाकायचा प्रयत्न केला. माझी पाचावर धारण बसली, पण दुखऱ्या ओठावरून जीभ फिरवली तेव्हा जरा शुद्धीवर आलो. या ओठाने आठवडाभर काहीतरी केलं होतं, एवढं तरी खरं होतं.

"सुरुवातीपासून घेऊ," बाई म्हणाल्या. ड्रायव्हरताईने काठीने चार ठोके दिले आणि गाणं निघालं. लिफ्टवाला त्याच्या उंच जागेवर चढला, लाल होईपर्यंत टिकला, आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवून माझ्याकडे न बघता श्वास घ्यायला लागला.

मी श्वास सोडायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत काय झालं ते मला नीट आठवत नाही. दुसऱ्या ओळीत खाली बाईंचा बास चालत होता आणि माझे लांब सूर त्याच्या पावलावर पडत होते, जरासे मागे, पण पडत होते. कंस येत गेले, जीभ टेकत गेली. तिसऱ्या ओळीत शनिवारचाच सूर पुन्हा चुकला. मला तो दगडासारखा पडलेला ऐकू आला. इतर कुठल्याही दिवशी मी तिथेच थांबून 'माफ करा' म्हणालो असतो. पण श्वास ओळीच्या शेवटापर्यंत द्यायचा हे इतकं घोटलं होतं की तो थांबेना. मी त्याच्यामागे ओढला गेलो. चौथी ओळ सुरू झाली.

तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि सगळं थांबलं.

वरचे कोट संथ हलत होते. डॉक्टरांनी क्लॅरिनेट हळूच उचलल्याचं मला दिसलं. मी ट्रम्पेट खाली घेतला. चुकीचा सूर, लंगडणं, पाढा, जे काय असेल ते आता ऐकायचं होतं. मी मनातल्या मनात डॉक्टरांसाठी एक बरं वाक्यही तयार करायला लागलो.

बाई माझ्याकडे वळल्याच नाहीत. त्या ड्रायव्हरताईवर उखडल्या.

"अगं ए, ती झांज जरा आवर की! काकांचे बारीक सूर अख्खे झाकून टाकतेस. चौथ्या बारमध्ये दोन आहेत, सहाव्यात एक आहे, एक तरी ऐकू आला का कुणाला?"

"मला आला," लिफ्टवाला म्हणाला.

"तू शेजारी बसलायस. लोक शेजारी बसणारेत का?"

"बरं बरं, हळू वाजवते," ड्रायव्हरताई म्हणाली. "मला काय माहीत, ते मुद्दाम आहेत? मला वाटलं, काकांना दम लागला."

"मुद्दाम आहेत," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी ट्रम्पेटची कळ पुसावी म्हणून हात नेला आणि नाही पुसली.

"पाचव्या बारमधला तो सूर चुकला," बाई आता मला म्हणाल्या, "तो घरून नीट करून आणा. आणि शेवटची ओळ मला ऐकायचीय. डॉक्टर, तुम्ही तो कागद काढा बघू, नाहीतर सवयीने वाजवाल." डॉक्टरांनी कागद काढून घडी घातली आणि, मला वाटतं, त्यांना आनंदच झाला होता. बाईंनी बास पुन्हा कवेत घेतला. "परत. उंच जागेच्या शेवटच्या बारपासून. आणि काका, उभे राहा. एकट्याने वाजवायचं ते उभ्याने."

मी उभा राहिलो. उभा राहिल्यावर कळलं की स्टँड बसल्या उंचीला आहे आणि कागदावरचे ठिपके मला तिथून दिसत नाहीत. स्टँडचा स्क्रू फिरवायला मी वाकलो, तो गंजून घट्ट बसलेला होता.

"एक मिनिट," मी म्हणालो, "हा वर होत नाहीये."

"राहू दे तो," बाई म्हणाल्या.

मी कागदाकडे एकदा पाहिलं. खाली कुठेतरी काळं काहीतरी होतं. ड्रायव्हरताईने काठी उचलली, या वेळी झांजेपासून लांब, आणि मोजायला लागली. मी दातांमागे जीभ टेकवली आणि श्वास भरून घेतला.